व्हायकिंग वाणाचा ड्रॅगन

हाल्वरला मी लोंबकळत सोडलं, हा आरोप मला मान्य आहे. बाकीचे आरोप मान्य नाहीत.

हाल्वर हा एक व्हायकिंग मुलगा. व्हायकिंग म्हणजे फार पूर्वी उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात राहणारे, दाढ्या राखणारे आणि होड्या घेऊन दुसऱ्यांच्या गावात लुटालूट करणारे लोक. हे वाक्य मी अलीकडे इतक्या जणांना ऐकवलं आहे की झोपेतसुद्धा बडबडतो, असं माझी बायको सुकन्या सांगते. तर 'हाल्वर व्हायकिंग आणि त्याचा आळशी ड्रॅगन' ही मी लिहायला घेतलेली मुलांसाठीची विनोदी पुस्तकमाला. सात भागांची ठरली होती. ठरली होती म्हणजे मी ठरवली होती. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर हाल्वर आपल्या ड्रॅगनच्या शेपटीला धरून समुद्रावर लोंबकळतो, खाली बर्फाचं पाणी, वर सरळसोट कडा, आणि ड्रॅगनला झोप अनावर झालेली. तिथं मी 'क्रमशः' लिहून पेन खाली ठेवलं होतं.

"मग तो खाली कसा आला?" माझ्या मुलीनं, ऋतुजानं, हस्तलिखित वाचून विचारलं. ती तेव्हा चौथीत होती.

"ते दुसऱ्या भागात."

"सांगा की पप्पा. मी कुणाला नाही सांगत."

आता बापानं लेकीला सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच होती की मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, आधी पुस्तक निघू दे, सोलापूरची पोरं खदाखदा हसू देत, त्या आनंदात आपोआप सुचेल. मी एका कचेरीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो. सुचण्याच्या बाबतीत मला कधी अडचण आलेली नाही. रस्ता खोदून तसाच का ठेवला याची एकाहून एक सरस कारणं मी लिहिली आहेत आणि साहेबांनी त्यांतला एक शब्द न बदलता सह्या ठोकल्या आहेत. कल्पित लेखनाचा एवढा सराव असलेला माणूस बालसाहित्यात कमी पडेल, असं कुणालाच वाटलं नसतं. मला तर मुळीच वाटलं नाही.

पुस्तकाविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातून झाला. हाल्वरला समुद्रकाठी एक अंडं सापडतं. गुलाबी रंगाचं, वर हिरवे खवले. हे अंडं मी वर्णनाला घेतलं तेव्हा टेबलावर एक ड्रॅगन फ्रूट पडलेलं होतं. ऋतुजाला ताप येऊन गेला होता, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून सुकन्यानं ते आणलं होतं. लेखकानं डोळ्यांसमोरचं लिहावं म्हणतात. मी लिहिलं. त्या अंड्यातून गुरगुऱ्या नावाचा ड्रॅगन निघतो. तो इतका आळशी की त्याला धड उभंही राहवत नाही, म्हणून हाल्वर एक खांब रोवतो, खांबावर गाडीचं चाक आडवं बसवतो आणि गुरगुऱ्या त्या चाकावरून चारी बाजूंनी लोंबत पडून राहतो. त्याच्या अंगाला काटे असतात. जास्त पाणी पाजलं की त्याला सडल्यासारखा वास येतो. आणि एवढं धूड असून त्याला अंधाराची भीती वाटते, म्हणून हाल्वर रात्रभर त्याच्याभोवती कंदील लावून ठेवतो. मला हे सगळं फार विनोदी वाटलं होतं.

प्रकाशक मिळाले बाळासो. त्यांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, दिनदर्शिका आणि शेतकऱ्यांसाठी पुस्तिका, हा त्यांचा धंदा. "लहान मुलांचं खपत नाही हो," ते म्हणाले. "पोरं वाचत नाहीत आणि आईबाप मार्कांशिवाय काही घेत नाहीत." मी खुर्चीवरून उठलो नाही. कचेरीत माझ्यासमोर लोक असेच बसून राहतात आणि शेवटी मीच कंटाळून त्यांचं काम करतो, हा अनुभव होता. बाळासोही कंटाळले. "डाळिंबाच्या पुस्तिकेचा कागद उरलाय," ते म्हणाले, "त्याच्यात बसवतो."

बसवलं. पण कागदाबरोबर इतरही बरंच उरलेलं त्यांनी त्यात बसवलं. आकार तोच, अक्षरं तीच. नाव मुखपृष्ठावर मावेना म्हणून हाल्वर आणि मधले शब्द काढून टाकले, राहिलं 'व्हायकिंग ड्रॅगन'. चित्रकाराला अंडं काढायला सांगितलं होतं, त्यानं काढलं, आणि बाजारातल्या कुठल्याही फळवाल्यानं ते ओळखून किलोचा भाव सांगितला असता. वर एक हिरवी पट्टी होती: 'बळीराजा मार्गदर्शन माला'. जुन्या फाइलवर काम करताना ती पट्टी काढायची राहिली. मागच्या बाजूला माझा फोटो, हनुवटीला हात लावून विचार करतानाचा. आणि खाली, बालवाचकांनी फोन करावेत म्हणून हौसेनं दिलेला माझा फोन नंबर.

"पट्टीचं एवढं काय घेऊन बसलाय?" बाळासो म्हणाले. "पोरं कुठं पट्टी वाचतात?"

पोरं वाचत नाहीत हे त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांनी पुस्तकं कृषी प्रदर्शनातल्या आपल्या गाळ्यावर नेऊन ठेवली. एका बाजूला शेळीपालन, दुसऱ्या बाजूला डाळिंबावरचा तेल्या रोग, मध्ये हाल्वर. आता आमच्या जिल्ह्यात काय झालंय, की तेल्यानं डाळिंबाच्या बागा बसल्या तशी माणसं ड्रॅगन फ्रुटाकडं वळली. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड आहे? सगळे नुसतं ड्रॅगन म्हणतात. 'यंदा दोन एकर ड्रॅगन केलाय', 'आमच्या मेव्हण्याचा ड्रॅगन माढ्याला लई जोरात हाय', असं लोक पानाच्या टपरीवर बोलतात. मी शहरात वाढलेला, मला ड्रॅगन म्हटलं की पंख दिसतात.

पहिला फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"व्हायकिंग ड्रॅगनवाले सायेब का? मी वळसंगहून महादेवप्पा बोलतोय. पुस्तक वाचलं तुमचं. लई बारीक अभ्यास हाय की."

माझा पहिला वाचक! मी उष्ट्या हातानं ताठ बसलो. सुकन्याला खुणेनं शांत राहायला सांगितलं, खरं तर ती शांतच होती.

"आवडलं का?" मी विचारलं.

"ते खांबावर चाक ठिवायचं सांगितलंय न्हवं, ते तर एकच नंबर. आमी टायर ठिवतो. टायर उन्हानं तडकतोय बगा."

गृहस्थ विनोदी दिसतात, असं मला वाटलं. गोष्टीत शिरून, गोष्टीच्याच भाषेत बोलणारा वाचक भाग्यानं मिळतो. मीही रंगात आलो. "अहो, टायर कसा टिकेल? आमच्या गुरगुऱ्याचं वजन किती!"

"किती भरतंय?"

"हत्तीएवढं."

पलीकडून दबलेल्या आवाजात, "एका झाडाला?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "कुठलं झाड, महादेवप्पा?"

"ड्रॅगनचं की."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ही गोष्ट आहे, ड्रॅगन हा काल्पनिक प्राणी, व्हायकिंग हे दाढीवाले लोक, समुद्र, होड्या, लुटालूट. त्यांनी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कळलं सायेब. फोनवर नको." आणि ठेवला.

त्यानंतर रोज फोन. अकलूजहून, माढ्याहून, कर्नाटकातूनसुद्धा. सगळ्यांना एकच पाहिजे होतं: व्हायकिंग वाणाची रोपं कुठं मिळतील? जंबो रेड ठाऊक होता, आतून पांढरा, आतून लाल ठाऊक होता, व्हायकिंग नव्यानंच ऐकला होता. मी प्रत्येकाला नाही म्हणून सांगत होतो. असं वाण नाही, मी शेतकरी नाही, माझ्याकडे कुंडीत तुळस आहे तीही सुकन्या बघते. जितकं नाही म्हणावं तितके लोक मला 'सर' म्हणू लागले.

वरच्या मजल्यावरचे आबासाहेब हे साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "इंद्रजीतराव, तुमचं चुकतंय. आपल्याकडं नाही म्हणणाऱ्याकडंच असतं. कारखान्याच्या निवडणुकीत 'मी उभा राहणार नाही' म्हणणारा माणूस कोण असतो?"

"कोण असतो?"

"पुढचा चेअरमन." त्यांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "दुनियेला काय सांगायचं ते सांगा. मला मात्र त्या व्हायकिंगच्या दोन कांड्या द्या. गॅलरीत लावतो, कुणाला दाखवत नाही."

मी त्यांना शपथेवर सांगितलं की कांड्या नाहीत. त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. उलट सुकन्यानं वेगळाच मार्ग काढला. फोन घेऊन घेऊन ती वैतागली होती. एकदा तिनं सरळ सांगून टाकलं, "पाणी बेतानं द्या, आणि घाई करू नका." ही सूचना तिनं मला संसारात पुष्कळदा केलेली आहे. पण त्या शेतकऱ्याला ती एवढी पटली की त्यानं दुसऱ्या दिवशी 'मॅडम आहेत का?' म्हणूनच फोन केला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण महादेवप्पांनी माझ्या पुस्तकातला कंदिलांचा प्रसंग वाचून आपल्या सबंध बागेत विजेचे दिवे टांगले आणि रात्री चालू ठेवले. माझा गुरगुऱ्या अंधाराला भितो म्हणून! आणि त्यांच्या बागेला, इतर कुणाच्याच बागेला नसताना, भर थंडीत फुलं आली. दिव्यांनी अवेळी फुलं येतात हे शास्त्रातलंच आहे, पुष्कळ बागाईतदार करतात, असं नंतर आबासाहेबांनी मला सांगितलं. पण महादेवप्पांनी ते शास्त्रात वाचलं नव्हतं, पान एकेचाळीसवर वाचलं होतं. फुलांचे फोटो माझ्या मुखपृष्ठासकट फोनाफोनी फिरले. पंधरवड्यात पुस्तकाची आवृत्ती संपली. मराठी बालसाहित्याची आवृत्ती एकाही बालकाच्या हाती न लागता संपल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

लवकरच हमरस्त्यावरच्या एका रोपवाटिकेनं फलक लावला: 'अस्सल व्हायकिंग ड्रॅगन रोपे मिळतील'. त्यावर माझा फोटो, हनुवटीला हात. मी तिथं भांडायला गेलो, तर मालकानं खुर्ची दिली, उसाचा रस पाजला आणि उद्घाटनाला बोलवायचं राहिलं म्हणून माफी मागितली. मी भांडण तसंच पोटात ठेवून घरी आलो. मग कुणीतरी तक्रार केली आणि मला एका सरकारी कचेरीतून बोलावणं आलं: मान्यता नसलेल्या वाणाची शिफारस केल्याबद्दल खुलासा करावा.

जन्मभर मी खुलासे लिहिले, पण दुसऱ्यांच्या वतीनं. टेबलाच्या या बाजूला बसण्याचा प्रसंग पहिलाच. समोरचे साहेब सज्जन होते. माझं सगळं ऐकून म्हणाले, "मग सोपं आहे. व्हायकिंग अस्तित्वात नाहीत, असं लिहून द्या."

"तसं नाही, साहेब. व्हायकिंग होते. इतिहासात आहेत. ड्रॅगन अस्तित्वात नाहीत, असं मी लिहून देतो."

साहेबांनी चष्मा काढला. "ड्रॅगन अस्तित्वात नाहीत कसं? आम्ही त्याला अनुदान देतो."

"तो ड्रॅगन वेगळा."

"या कचेरीत एकच ड्रॅगन आहे," साहेब म्हणाले, आणि ते त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. शेवटी मी सही केली. व्हायकिंग कधीही नव्हते आणि ड्रॅगन आहेत, असं माझ्या सहीनिशी सरकारदरबारी नोंदलेलं आहे. जगाच्या इतिहासाशी माझं जे काही थोडं इमान होतं, ते त्या दिवशी संपलं.

मुलांकडे तरी पुस्तक जावं म्हणून माझ्या घरी ठेवलेल्या चार प्रती मी ऋतुजाच्या शाळेला दिल्या. बाईंनी आनंदानं घेतल्या. महिन्यानं पालकसभेला गेलो तेव्हा त्या प्रती मला ग्रंथालयात दिसेनात. कार्यानुभवाच्या कपाटात होत्या, खुरपी आणि झारीच्या शेजारी.

मी बाळासोंकडे गेलो. म्हटलं, दुसरा भाग काढा. त्यांचा चेहरा खुलला. "मी तेच म्हणणार होतो! नावसुद्धा ठरवलंय. 'व्हायकिंग ड्रॅगन भाग दोन: काढणी, प्रतवारी व बाजारपेठ'."

"आणि हाल्वर?"

"कोण हाल्वर?"

त्यांनीच छापलेल्या पुस्तकाचा नायक! मी सांगितलं, कडा, शेपटी, बर्फाचं पाणी. बाळासो माणूस वाईट नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "इंद्रजीतराव, तुम्हाला येवढे फोन आले. त्यातला एक दाखवा, त्या पोराचं पुढं काय झालं म्हणून विचारणारा. एक जरी आला ना, तरी तुमचा भाग दोन जसाच्या तसा काढतो. शब्द आहे माझा."

तेव्हापासून मी फोनची वाट पाहू लागलो. वाजला की धावत जाऊन घ्यायचो. मुळं कुजतात का, काटे टोचले तर काय लावावं, बुरशीवर काय मारावं. हाल्वरचं नाव कुणी काढेना. एका गृहस्थानं "पुढं काय झालं?" असं विचारलं तेव्हा माझा आवाज भरून आला होता, पण ते अनुदानाचं विचारत होते.

विचारणारी एकच होती, आणि ती घरातच होती. रोज झोपताना ऋतुजा म्हणायची, "पप्पा, हाल्वरचे हात दुखत असतील की." मी म्हणायचो, "सुचतंय, सुचतंय." पण सुचत नव्हतं. दोर टाकून पाहिला, होडी आणून पाहिली, एक देवमासाही आणला. प्रत्येक वेळी हाल्वर खाली यायचा, पण हसू यायचं नाही, आणि हसू नाही तर माझ्या लेकीसाठी मी ते लिहीत तरी कशाला होतो? ज्याला बाहेर सबंध जिल्हा सर म्हणतो, त्याला आपल्याच पोराला कड्यावरून उतरवता येत नव्हतं. मग ती पाचवीत गेली. शिष्यवृत्तीची पुस्तकं आली. एके दिवशी झोपताना तिनं हाल्वरचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम तिच्या खोलीत घुटमळलो, पांघरूण नीट केलं, पंखा कमी केला, जास्त केला. "काय हवंय पप्पा?" ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. सरकारी कचेरीत सही करतानासुद्धा एवढं वाटलं नव्हतं.

याच सुमारास वळसंगहून निमंत्रण आलं. ड्रॅगन उत्पादकांचा मेळावा, आणि माझा सत्कार. महादेवप्पांनी स्वतः फोन केला, "यायलाच लागतंय." मी ठरवलं, जायचं आणि भर सभेत, माइकवर, सगळं खरं सांगून टाकायचं. पुढचं पुढं. ऋतुजाला बरोबर घेतलं. बापानं एकदा तरी हाल्वरची बाजू घेतली होती, हे तिच्या कानांवर जावं अशी इच्छा होती. आबासाहेबही निघाले. कांड्यांचा राग गिळून ते आयोजकांशी परस्पर बोलून अध्यक्ष झाले होते.

देवळासमोर मंडप, माणसं गच्च. मला फेटा बांधला, अंगावर खास विणून घेतलेलं काळं घोंगडं घातलं आणि हातात लाल फळांची पाटी दिली. पावसानं ओढ दिली होती आणि ऊन तापलं होतं. घोंगड्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना मी माइकसमोर उभा राहिलो. ऋतुजा पहिल्या रांगेत होती, पण भाषणं सुरू होताच ती उठून मंडपाबाहेर गेली. जिच्यासाठी सत्य सांगायचं तीच निघून गेली. तरी मी सुरुवात केली.

"बंधूंनो, माझं पुस्तक शेतीचं नाही. ती थट्टेची गोष्ट आहे. त्यातल्या ड्रॅगनला पंख आहेत."

"पंख म्हणजे फांद्या," अध्यक्षांच्या खुर्चीतून आबासाहेब म्हणाले. "लेखक आहेत, उपमा देतात."

"फांद्या नाहीत, पंख! तो आग ओकतो!"

"उन्हाळ्यातलं सनबर्न. फांद्या पिवळ्या पडतात ती आग."

"तो आकाशात उडतो!" मी जवळजवळ ओरडलो.

"बाजारभाव," आबासाहेब म्हणाले, आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी फेटा काढून टेबलावर ठेवला. बहुधा माझा चेहरा पाहून असेल, महादेवप्पा उठून उभे राहिले. साठीचे, पांढरा सदरा, हातात माझं पुस्तक, वाचून वाचून कोपरे दुमडलेलं. त्यांनी हात वर केला तशी सगळी सभा गप्प झाली.

"सायेब, गोष्ट हाय ते आमाला कळतंय की. आमी काय येडं हाय व्हय? पंखाचा ड्रॅगन आमची नातवंडं टीव्हीवर बगत्यात."

अखेर कुणाला तरी कळलं होतं. "मग?"

"मग काय! माणूस शंबर पानं थापा मारतोय. शिकला-सवरलेला, नोकरीवाला माणूस. त्यो उगंच मारंल व्हय? आत कायतरी दडवल्याबिगर येवढं खोटं कोण लिहितंय?" सगळ्या मंडपानं माना हलवल्या. महादेवप्पांनी हात जोडले. "कंदिलाचं तुमी आसंच दडवून सांगितलं, आमी वळखलं. आता तेवढं व्हायकिंगचं रोप कुटं मिळतं ते सांगा. लई झालं, आता ताणू नका."

याला काय उत्तर द्यावं? मी पुष्कळ तक्रारींना उत्तरं दिली आहेत. पण माणसानं नुसतं पोरांना हसवण्यासाठी, दुसरं काही न दडवता, शंभर पानं खोटं लिहावं, याचं कारण मला त्या माइकवर देता येईना. माणसं वह्या उघडून, पेनं सरसावून बसली होती. एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं.

आणि तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. मंडपाच्या मागून. एकट्या-दुकट्याचा नाही, पाचपंचवीस पोरांचा, आणि अगदी पोट धरून हसण्याचा. मी घोंगडं सावरत, फळांची पाटी तशीच हातात घेऊन, माइक सोडून निघालो. मागं आबासाहेब "सर रोपं आणायला गेलेत, बसून घ्या," असं सांगत होते.

देवळामागच्या लिंबाखाली गावातली पोरं बसली होती आणि मध्ये दगडावर ऋतुजा उभी होती. "मग हाल्वरच्या लक्षात आलं," ती सांगत होती, "की खिशात आईनं दिलेली कडक भाकरी हाय. त्यानं एका हातानं शेपटी धरली आणि दुसऱ्या हातानं भाकरी वर फेकली. गुरगुऱ्यानं झोपेतच आ केला आणि चावली. कटकन आवाज झाला. भाकरी नाही मोडली, गुरगुऱ्याचा पुढचा दात पडला! गुरगुऱ्या चिडला, आग ओकायला गेला, तर आगच येईना. फटीतून नुसती शिट्टी. कुकरसारखी. फुर्रर्र! फुर्रर्र! खाली हाल्वरच्या आईला वाटलं, झाली भाकरीबरोबरची आमटी. तिनं हाक मारली, जेवायला या रे! आणि जेवण म्हटल्यावर गुरगुऱ्या..."

पोरं लोळत होती. एक तर शिट्टी वाजवून दाखवत होता आणि बाकीचे त्याला मारत होते, ऐकू दे म्हणून. मी उभाच राहिलो. दोर, होडी, देवमासा. कडक भाकरी मला सुचली नव्हती. आमच्या घरात रोज असते.

तिनं विचारायचं का थांबवलं, ते मला आता कळलं.

"पुढं काय झालं? सांग की," पोरं ओरडत होती. पुढं काय झालं! बाळासोंना दाखवायला हवी होती ती सगळी माणसं इथं लिंबाखाली बसली होती. फक्त ती मला विचारत नव्हती.

एका मुलीचं लक्ष माझ्याकडे गेलं. घोंगडं, घाम, पाटी. "ह्ये कोण?" तिनं ऋतुजाला विचारलं.

"माझे पप्पा. लेखक आहेत."

"कशाचे?"

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावरचा घाम पुसला आणि जमेल तेवढा बालसाहित्यिक दिसायचा प्रयत्न केला. तिनं पाटीकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं, आणि पोर खोटं बोलत नाही.

"शेतीचे," ती म्हणाली. "पुढं ऐका."

मी पाटी खाली ठेवली, घोंगडं अंथरलं आणि पोरांच्या मागं बसलो. हाल्वरचं पुढं काय झालं, ते मलाही ऐकायचं होतं.